सुधारित अंदाजपत्रक

पत्र आलं. दिल्लीचा दुसरा हप्ता येणार नाही,
पहिल्यातलाही अर्धा ‘समायोजित’.
ग्रामसेवक भाटकर तो शब्द दोनदा वाचतात,
मासा उलटून बघावा तसा, कल्ले लाल आहेत का.

सरपंच हसीना मुकादम चष्मा पुसते.
खिडकीबाहेर ओहोटी. गाळात रुतलेल्या होड्या
एका अंगावर कलंडून
पाण्याची वाट बघतायत. त्यांना सवय आहे.

जेटीच्या पायऱ्या: पुढच्या वर्षी.
स्मशानशेडचे पत्रे: पुढच्या वर्षी.
‘यंदा मरायचं तर उन्हाळ्यात मरा,’
धाकू शिपाई म्हणाला. कोणी हसलं नाही.
त्याच्या मानधनाचा आकडा
पुढच्याच ओळीत होता.

खारबंधाऱ्याला हात लावायचा नाही
असं कोणी बोललं नाही. सगळ्यांनी फक्त
ती ओळ सोडून बोट खाली नेलं.

मग घरपट्टीची वही. एकशे बारा कुलुपं.
बोरिवली, विरार, एक दुबई.
गणपतीत येतील तेव्हा पडवीत टेकायचं,
मोदक खायचा, मुलांचे निकाल विचारायचे
आणि उठता उठता पावतीपुस्तक काढायचं.
ते हसीनाबाईंनाच जमतं.

लिलावाच्या ओट्याचं भाडं
टोपलीमागे पाच रुपये वाढवावं का?
बेबी खारवी, वॉर्ड तीन, गप्प.
तिची स्वतःची टोपली ओट्यावर आहे,
बर्फ वितळतोय.

‘दोन लिहा,’ ती शेवटी म्हणते. ‘पाच नको.’

भाटकर लिहितात. तीनदा बेरीज.
अजून अठ्ठावीसशे कमी.
धाकू उठतो, पंखा बंद करतो.