हाताला बसेल असा

पहिला तडकला तो ऑगस्टमध्ये.
फ्रिजमधून काढलेला, बुडाशी अजून लाल थेंब,
मी सरळ नळाखाली धरला.
दुपारचे तीन, गच्चीवरची टाकी,
नळावर निळी खूण असली म्हणून काय झालं,
ते पाणी म्हणजे चहाचं आधण.
टिच्. एवढंच.
फुटल्याचा आवाजही नीट केला नाही त्याने.

दुसरा कुरियनने पाडला.
कुरियनला हात हलवल्याशिवाय
कांद्याचा भावही सांगता येत नाही,
आणि तो ग्लास एका पायावर उभा, बगळ्यासारखा.
कोपर लागलं, गालिच्यावर आडवा.
तिसऱ्याचं नाव काढू नका.
तो मीच. पुसताना.
दांडी एका हातात, वाटी दुसऱ्या,
आणि धुणं पिळावं तसा पिळला.

सहातले तीन उरले.
तीन म्हणजे धड जोडी नाही, धड पंगत नाही.

एकोणीस वर्षं ईसा टाउनच्या शाळेत
पोरांच्या हातात बीकर देते आहे मी,
काच मला फसवत नाही.
गुदैबियाच्या दुकानात, गुरुवारी संध्याकाळी,
काठावरून बोट फिरवलं: इथे खरखर, नको.
नखाने वाजवला: नुसताच गातो, नको.
हा इतका जाड की ओठाला लोणच्याची बरणी.
हा इतका पातळ की विश्राम चावून टाकेल.
सोनेरी काठाचा तर नकोच,
चार धुण्यांत जर निघते, साडीची काय आणि काचेची काय.

विश्राम दिवसभर गोदीत,
हातमोजे उतरले तरी बोटं मिटत नाहीत पुरती.
नाजूक दांडी त्याच्या चिमटीत
म्हणजे सुईत दोरखंड ओवणं.

दुकानातला शफीकुल सिल्हेटचा.
"वॉटर गिलास, मॅडम?"
"सरबताचे," मी म्हणाले.
"हां हां, सरबत,"
आणि न चुकता त्याच कपाटापाशी घेऊन गेला.
आयुष्यात थेंब चाखला नसेल त्याने,
पण एक बुटका काढून माझ्या तळहातावर ठेवला:
"ये नहीं गिरेगा."
रुंद बूड, आखूड दांडी, पोटाला गोलाई.
बोटं आपोआप मिटली,
वेंगुर्ल्याच्या घरी फुलपात्राभोवती मिटायची तशी.
त्या फुलपात्रावर ठिपक्याठिपक्यांनी नाव होतं,
वडिलांचं, तारखेसकट.
काचेवर नाव कोण घालणार.

"कितने साल चलेगा?" सवयीने विचारलं.
शफीकुल हसला.
"मेरे वीज़े से तो ज़्यादा."
मग दोघंही जरा गप्प.
साडेसात दिनारला सहा,
एकेक अरबी वर्तमानपत्रात गुंडाळला त्याने,
खोबऱ्याच्या वड्या बांधाव्यात इतक्या मायेने.

शुक्रवारी कुरियन आला, फिलोमिना आली.
कुरियनच्या कोपराने दोनदा धडक दिली,
ग्लास डुलला, परत बसला.
फिलोमिना म्हणाली, दिसायला साधेच आहेत हो.
विश्रामने पूर्ण पंजाने धरला,
एक घोट घेतला, मला विचारलं,
"वाईन तीच आहे ना?"
हीच त्याची तारीफ असते.

रात्री सगळे गेल्यावर
सहाही ओट्यावर ओळीने मांडले, धुतले नाहीत.
आधी खोलीची ऊब लागू दे त्यांना.
नळाचं पाणी तर नाहीच.
उन्हाळ्यात इथे गार पाणी गिझरमधून येतं,
बंद ठेवलेल्या. नव्या माणसाला सांगितलं
तर थट्टा वाटते त्याला.
मलाही वाटली होती, पहिल्या जूनमध्ये,
विमानतळाच्या दारातून बाहेर पाऊल टाकल्यावर,
चष्म्यावर एकदम वाफ धरली तेव्हा.
विश्राम म्हणाला होता, थांब जरा दारातच.
घाई करू नकोस.

सकाळी सात वाजता धुतले.
एकही तडकला नाही.
खाऱ्या पाण्याचे पांढरे ठिपके तेवढे राहिले,
पुसले, तरी थोडे राहिलेच.