घेर

हसुमतीबेनने कापड उलटं केलं, सुलटं केलं,
चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं.
"एवढं काळं? कोण ऑफ झालं तुमच्याकडे?"
कुणी नाही, म्हटलं. बाहुलीसाठी आहे.
"केवढी बाहुली?"
माझ्याएवढी.

मंगळबाजारामागच्या त्या गल्लीत
श्रावणापासूनच चणिया शिवायला घेतात,
आठ मीटर, बारा मीटर,
तिला घेराचं भय नाही.
तिला प्रश्न एवढाच, की आरसे कुठे लावायचे.
आरसे नाहीत, बेन. लेस.
गळ्यापर्यंत बंद, मनगटापर्यंत बंद,
गुडघ्याखाली घंटेसारखा फुललेला,
आणि आतून तीन थर कडक जाळी.
मच्छरदाणीची चालेल.
"गरबा कसा करणार यात?"
तेवढं मात्र मला सुचलं नव्हतं.

मी पात्रं काढते, अलकापुरीत, तिसऱ्या मजल्यावर,
एका खेळासाठी.
सातवी बाई जपानी बाहुलीच्या वळणाची:
चिनीमातीचे गाल, झालरीची टोपी, मिटलेली छत्री,
बंद घड्याळाच्या मनोऱ्यात एकटी राहते.
समोरून, बाजूने, पाठमोरी, पाऊण वळलेली,
चार बाजू काढल्या की माणूस पुरा झाला
असं आमच्यात धरतात.
पण ती बसली की त्या झग्याचं काय होतं
मला ठाऊक नव्हतं.
म्हणून शिवायला टाकला.

दांडियाबाजार ते स्टेशन, शटल रिक्षा.
तिघांच्या सीटवर मी आणि माझा घेर.
रोज ज्याचा गुडघा
नेमका वळणावर माझ्याकडे कलतो
तो आज मुकाट्याने पुढे,
ड्रायव्हरच्या अर्ध्या गादीवर.
जाळी कुरकुरली. मी ती दाबली नाही.

सूरसागराच्या कठड्याशी एका पोराने
आईचा पदर ओढला: "ही बोलते का गं?"
आई म्हणाली, "माहीत नाही बाबा."
मलाही त्या क्षणी माहीत नव्हतं.
त्या रात्री कागदावर तिला पहिल्यांदा
खुर्चीत बसवलं,
तर तिने अख्खी खोली भरली.

वरून निरोप आला:
घेर कमी करा, धावताना अडतो.
झगा चार बोटं वर. नजर खाली.
थोडी अजून गोड करा.

संक्रांतीला सगळं बडोदं गच्चीवर.
आमच्या दोरीवर आईची चंद्रकळा
आणि शेजारी माझा झगा, वाऱ्याने फुगलेला.
खालच्या मजल्यावरचा पतंग त्यात अडकला
तो आईनेच सोडवला, मांजा न तोडता.
मग बराच वेळ लेसवरून बोट फिरवत राहिली.
"काळ्यावर पांढरं.
आम्हालाही असंच नटवलं होतं पहिल्या सणाला,
हलव्याचा मुकुट, हलव्याची बोरमाळ, बाजूबंद, तोडे.
पाटावर बसवलं आणि सासूबाई म्हणाल्या,
हलू नकोस, हलवा झडेल."

मग?

"मग काय. बायका येऊन बघून जायच्या.
गोड दिसते म्हणायच्या."

किती वेळ बसलीस?

"मुंगी चढेपर्यंत."

आणि हसली, अशी हसली
की शेजारच्या गच्चीवरचे लोक
कुणाचा पतंग कापला म्हणून वर बघू लागले.

सातवी आता पाठवली आहे.
घेर तोच. नजर समोर.
झालरीच्या कॉलरवर, डाव्या बाजूला,
एक काळा ठिपका, सहा पायांचा,
पुरता जवळ जाऊन पाहिलं तरच कळेल असा.

दुपारी उत्तर आलं:
बाकी ठीक. गळ्यापाशी डाग राहिलाय, तेवढा काढा.

मी फाइल उघडली
आणि मुंगी दोन बोटं वर सरकवली.