धुराडे: नाही

रिफ्यातल्या बदरियाबाईंना जेवणघर पांढरं हवं होतं.
मी सात पांढरे घेऊन गेले, पुठ्ठ्याच्या चौकोनांवर:
मोतिया, दुधी, शंखाच्या पोटातला,
एक वाळत घातलेल्या साबुदाण्याच्या पापडाचा,
आणि एक पांढराफटक,
आमच्याकडे जो फक्त घाबरलेल्या चेहऱ्याला लावतात.
तोच त्यांनी उचलला.
खिडकीशी नेला, डोळे बारीक केले.
हा. आणि समोरच्या भिंतीत फायरप्लेस.
काँक्रीटचा. उघडा. त्याला रंग नको.

बाहेर सेहेचाळीस अंश.
गाडीचं दार उघडायला मी ओढणी हाताला गुंडाळते.
वहीत लिहिलं: शेकोटी. मग खोडलं,
शेकोटी अंगणात असते, तिला भिंत नसते.
का हवी, हे गिऱ्हाइकाला विचारायचं नसतं.
किती रुंद, एवढंच.

अडीच मीटर, म्हणाल्या. मग आपणहून:
लीड्सला शिकत होते तेव्हा घरमालकिणीकडे एक होता.
कोळसा महाग म्हणून ती कधी पेटवायची नाही.
आम्ही दोघी कोट घालून त्याच्यासमोर जेवायचो.
एवढं सांगून त्यांनी चहा मागवला.

साचा बांधायला हुसैनमियाँ परकार,
बाणकोटचे, आखातात बत्तीस वर्षं, बोटं नऊ.
मी देवरूखची हे कळताच त्यांनी हिंदी खाली ठेवली,
डोक्यावरची पाटी ठेवावी तशी.
नकाशा उलटसुलट करून पाहिला.
"बाय, ह्याला धुराडा कुठं हाय?"
नाही, चाचा. आत स्पिरिटची ज्योत. तिला धूर नसतो.
"धूर नाय तर आग कसली," म्हणाले,
आणि फळ्या निवडायला गेले.

निवडल्या अशा, की कल्ला उचलून मासा बघावा.
पाइनच्या, रंधा न मारलेल्या. एकीला मोठी गाठ.
ती मी बाजूला काढली.
त्यांनी परत लावली, डोळ्यांच्या उंचीवर,
बसलेल्या माणसाच्या.

जुलै. दुपारी कामबंदी.
म्हणून ओतकाम रात्री अकराला, पाण्यात बर्फ घालून.
पहाटे गेले तर परकार
ओलं गोणपाट साच्यावर पांघरत होते.
हात लाव, म्हणाले.
फळीतूनही लागत होतं,
उन्हाचं नव्हे, ऊन उगवायचं होतं,
आतून वर येणारं.
"अंगात कसकस हाय त्याच्या. दोन दिवस. मंग गार."
सिमेंट धरताना तापतं, मला ठाऊक होतं,
त्याचा आकडा मी परीक्षेत लिहिला आहे.
तरी हात काढायला वेळ लागला.
खोलीत तेव्हा टेबल नव्हतं, रंग नव्हता,
छतातून वायरी लोंबत होत्या.

मग सगळं झालं. बारा खुर्च्या.
दिवे असे, की ताटाला स्वतःची सावली पडू नये.
साचा सुटला तेव्हा काँक्रीटवर पाइनचे रेषे उमटले होते,
गाठही.
येणारा प्रत्येक जण तिला बोट लावतो,
बदरियाबाई फोनवर तक्रारीच्या सुरात, पण खूश.

डिसेंबरात ज्योत पेटवायला मला बोलावलं.
एसी सोळावर. खुर्च्यांच्या पाठीवर शाली, घडी करून.
बारा खुर्च्यांत आम्ही तिघी:
त्या, त्यांची धाकटी जाऊ, मी. हामूर मासा आणि भात.
ज्योत निळी, सरळ, एका रेषेत,
कशालाच जाळत नव्हती.
बदरियाबाईंनी शाल ओढून घेतली. पाहत राहिल्या.
मग म्हणाल्या, बंद करा.
एसी नव्हे.
ज्योत विझली, काळा चौकोन उरला,
आणि त्या जेवल्या, दोनदा वाढून घेऊन.

नकाशे सोपवताना शेवटच्या पानावर रकाने भरायचे असतात.
धुराडे: नाही.
खाली जागा उरली. तिथे परकारांचा बाणकोटचा नंबर लिहिला,
ते नोव्हेंबरातच गेले होते कायमचे,
कधी भेग दिसली तर, म्हणून.
दिसणार नाही.
सात दिवस गोणपाट ओलं होतं,
रोज जाऊन बघायचे मी,
तिसऱ्या दिवसानंतर गरज नसताना.