शेरा

प्रांत ऑफिसचं पत्र आलं मंगळवारी.
कातळबंदर खाडीतला गाळ, सव्वा लाख घनमीटर,
टाकण्यास योग्य अशी शासकीय जागा
सात दिवसांत सुचवावी.
सोबत तक्ता. रकाने सहा.
शेवटचा, नेहमीसारखा, शेरा.

सव्वा लाख म्हणजे किती रे, धाकू?
कोतवालाने बोटं मोडली.
आपली मराठी शाळा कौलांपर्यंत भरायची,
अशा दोनशे शाळा.
मग स्वतःच हसला.
पोरं सतरा हायत, भाऊसाहेब.

नकाशाची गुंडाळी स्कूटरच्या हुकाला,
आम्ही निघालो.

सर्व्हे नंबर अठ्ठावन्न, गायरान.
स्टंप रोवलेले. ओव्हर संपेपर्यंत
आम्हाला बांधावर थांबवलं एका पोराने, हात दाखवून.
बांधालगत अकरा दगड, उभे, विनानावाचे.
हे कुणाचे?
पटकीतले, म्हणाला धाकू,
आणि चेंडू आणायला गेलेला पोरगा
दगडांना वळसा घालून गेला,
कुणी न सांगता.

एकशेतीन, खाजण. तीन हेक्टर, सरकारी पड.
पड कागदावर.
इथे तिवरं, चिखलातून वर आलेली त्यांची बोटं,
आणि मधोमध जैनबी होडेकर, तिसऱ्या वेचत.
सरकारची हाय ना? असू दे की.
सुकतीला आम्ही येतो,
भरतीला सरकारनं यावं.
वनखात्याला फोन लावला, तेही तेच म्हणाले,
फक्त पन्नास मीटर सोडून, आणि लेखी.

देवीच्या राईजवळ
नकाशा उघडलाच नाही आम्ही.
धाकूने रस्त्यावरच चपला काढल्या होत्या.

धक्क्यामागचं मोडकं गोदाम:
बंदर खातं म्हणालं, ग्रामपंचायतीचं.
ग्रामपंचायत म्हणाली, बंदर खात्याचं.
एवढी वर्षं कुणालाच नको असलेली जागा
गाळाचं नाव काढताच
दोघांचीही नव्हती, आणि दोघांचीही हरकत होती.

राहिला एकशे एकेचाळीस.
साडेचार एकर, महाराष्ट्र शासन.
अतिक्रमण नाही, वाद नाही, झाड नाही.
खुशीत गेलो.
धाकूने हात लांब केला,
मी बोटाच्या टोकाकडे पाहिलं,
तिथून एक होडी चालली होती.

कधी ढासळली दरड, कुणाला आठवत नाही.
अठरा वर्षं मी दर हंगामाला
तिच्यापुढे पड, पड लिहीत आलो,
सही करत आलो.
आणि आता जो गाळ ठेवायला
मी दारोदार जागा मागतोय,
त्यात ही साडेचार एकरही आहे.

परतताना तरीवर द्रौपदी डोर्लेकर.
मशीन कुठनं लागणार, भाऊसाहेब?
तरीपासून.
कुठवर?
वळणाच्या पलीकडे.
ती पाण्याकडे बघत राहिली.
तिचा विश्राम गेला त्याला सोळा वर्षं.
होडी मिळाली होती, वल्हं मिळालं होतं.

जागा कुठली पण घ्या, म्हणाली,
माझी वाडी घ्या, दोन माड हायत.
पण वळणाचा गाळ एकीकडं टाका.
दुसऱ्यात मिसळू नका तेवढं.

रात्री तक्ता घेऊन बसलो.
घनमीटरला रकाना होता, अंतराला होता,
डंपरच्या फेऱ्यांना होता.
सुचवलेली जागा: सर्व्हे नंबर एकशे एकेचाळीस.
मालकी: शासन.
सद्यःस्थिती: पाण्याखाली.

मग शेरा.
आधी पेन्सिलीने, मग खोडून, मग पेनाने:
वळणावरील गाळ स्वतंत्र ठेवावा.

साहेब कारण विचारतील, मी म्हटलं.
धाकू उंबऱ्यात बसून बिडी विझवत होता.
खार जास्त हाय तिथं,
असं लिवा.

लिहिलं.
खोटंही नव्हतं ते.