चार ठिपके

चैत्रात दुपारी दोनला
उष्णतेच्या पडद्यावर सगळं सोलापूर पांढरंफटक.
पत्रे, टाक्या, होटगी रोडचं डांबर.
छपरांच्या उंचीनं काही सरकलं
तर साध्या कॅमेऱ्यालाच विचारावं लागतं.
तो म्हणतो, काळं काहीतरी. घार असेल.
नसेलही.

रात्री उलटं. साध्याला काळोख,
दुसऱ्याला डोळे फुटतात.
धावपट्टीच्या कुंपणालगत मचाण,
रेवणसिद्ध हत्तुरे आणि मी, दोन पडदे, एक थर्मास.
चौकट ओढायची, नाव द्यायचं :
घार. वटवाघूळ. विमान. ड्रोन.
यंत्र आमच्याकडून शिकतं,
आम्ही चुकलो तर तेही मन लावून चुकतं.

वटवाघळाची ऊब पोटाशी गोळा, पंखांकडे विरत जाते.
ड्रोनचं अंग गार.
तापतात त्या चार मोटारी, मधे बॅटरीची धुगधुगी.
जणू खाटेचे चार खूर चाललेत आभाळातून
आणि खाट दिसत नाही.

संक्रांतीला गंमत झाली.
साध्या पडद्यावर पतंगच पतंग,
यंत्र बावचळलं, दिसेल त्याला ड्रोन म्हणत सुटलं.
दुसऱ्यावर एकही नाही. कागदाला कुठली ऊब?
नुसती गच्च्यांवरची डोकी, वर केलेली,
आणि हात,
रिकाम्या हवेला ढील देणारे.
ती फ्रेम मी पुसली नाही.
कुठल्या नावाखाली ठेवावी तेही कळलं नाही.

नायना यंत्रमागावर होते.
कारखाना खडखडत असताना, एक धागा तुटला की उठायचे.
कान तर केव्हाच गेले होते.
विचारलं तर म्हणायचे,
कापड जरा निराळं थरथरतं, बघ.
मी बघायची. मला चादर दिसायची.

काल सव्वाअकराला काहीतरी आलं, कुंपणाच्या अलीकडे.
दोन कॅमेऱ्यांत वीतभर अंतर,
त्यामुळे चित्रं कधीच नेमकी एकावर एक बसत नाहीत.
यंत्र म्हणालं : पक्षी, एकसष्ट टक्के.
मी म्हणाले, थांब रे रेवण.
निराळं थरथरतंय.

मग फोन, जीप, शिट्ट्या.
मंगल कार्यालयाच्या जिन्यावर सापडला
मुदस्सर बागवान, लग्नाचं शूटिंगवाला,
मघाशी पडद्यावर नुसता एक उजळ चेहरा होता तो,
आणि दोन अंगठे.
"मॅडम, वरून मांडवाचा एकच शॉट राहिला होता.
नवरीच्या वडिलांनी आगाऊ पैसे दिलेत."

दंड झाला. कागद झाले. नाव विचारताना
साहेबांनी दोनदा विचारलं, ते मला आवडलं नाही.

ड्रोन आमच्या टेबलावर ठेवून गेले.
कॅमेरा सहज तिकडे वळवला.
एक ठिपका विझला, दुसरा, तिसरा.
डावीकडचा मागचा बराच वेळ तसाच, लालबुंद.

"बेअरिंग गेलंय त्याचं," रेवण म्हणाला,
"सांगायला हवं त्याला."
मी चौकट ओढली, नाव दिलं,
आणि फॉर्मवरचा त्याचा नंबर
तळहातावर उतरवून घेतला.