चऱ्हाट

मेकेलेच्या दवाखान्यात डॉक्टरीणबाई म्हणाल्या,
गुरुवारपर्यंत काही सांगता येणार नाही.
लेतेय झोपली होती. मनगटाला पट्टी, पट्टीखाली सुई.
बायको म्हणाली, इथे बसून नुसत्या फरश्या मोजतोयस,
जा, कड्यावरच्या मठातून पवित्र पाणी घेऊन ये.
मी निघालो.
विश्वास होता म्हणून नव्हे,
हातांना काही काम हवं होतं म्हणून.

पिवळा प्लास्टिकचा कॅन पाठीला, गाबी डोक्यावरून.
वाटेत निवडुंग फळांनी लाल झालेले,
एक पोरगं चार फळं सोलून देत होतं, मी घेतली नाहीत.
दीड दिवस चाललो, देवाशी एक शब्द बोललो नाही.
काय बोलणार?
तीन वर्षांमागे धाकट्यासाठी बोललो होतो,
गुडघे सोलेपर्यंत.
तेव्हा त्याने ऐकलं नव्हतं,
किंवा ऐकून गप्प बसला होता.
या दोहोंत बापाला काय फरक?

कडा म्हणजे सरळ उभा कातळ, पायरी नाही.
वरून बैलाच्या कातड्याचं वळलेलं चऱ्हाट लोंबतं,
कुणाकुणाच्या तळव्यांनी काळं, तुपकट झालेलं.
ते हातांनी धरायचं,
आणि दुसरा दोर कमरेला बांधायचा.
तो वरून कुणीतरी ओढतं.
कोण, ते खालून दिसत नाही.
नुसता आवाज आला, "बांधलास?"
"बांधला."
"मग ये."

अर्ध्यावर माझा पाय सुटला.
कातळ गालाला घासला, कॅन खडखडला,
खाली झाडं मसुरीच्या दाण्याएवढी.
मी ओरडलो, "धरलंय ना?"
वर ऊन, कड्याची कडा, एक घार.
उत्तर नाही.
पुन्हा ओरडलो. उत्तर नाही.
मनात म्हटलं, हे तर ओळखीचंच आहे.

वर पोचलो तर एक म्हातारा,
अब्बा वोल्देसेनबेत, काटकुळा, एका डोळ्यात सारा पडलेला,
टाच खडकाच्या खोबणीत रोवून धापा टाकत बसलेला.
मी चिडून विचारलं, ओ का दिली नाहीत?
त्यांनी भाजलेल्या जवसाची मूठ माझ्या ओंजळीत ओतली.
म्हणाले, "ओढताना बोललं की दम सुटतो, बाबा.
खा."

सकाळी त्यांचा खांदा धरला होता.
खालून एक पोरगेला दीक्षार्थी हाका मारत होता.
म्हणाले, हाफ्तोम, आज तू ओढ.
मी टाच त्याच खोबणीत रोवली.
ती मुळी माझ्याच टाचेसाठी कोरल्यासारखी होती,
किंवा साऱ्यांच्याच.

मला कुणी सांगितलं नव्हतं
की माणसाची भीती दोरातून वर येते.
त्याची पावलं दिसत नव्हती,
पण गुडघा कापला की माझ्या तळहातात कापे,
श्वास अडकला की दोर किंचित जड होई.
त्याला वाटत असेल तो एकटाच लोंबतोय,
आणि इथे त्याचं सगळं ओझं
माझ्या पाठीच्या मणक्यात उतरलेलं,
तळहातांची साल निघालेली.
मध्येच तो रडवेला ओरडला,
"वर कुणी आहे का?"

माझे दात आवळलेले होते.
मी बोलू शकलो नाही.

परतीला कॅन झाकणापाशी गळत होता,
गाबीच्या टोकाने बुच आवळलं,
तरी पाठ ओली झाली, निम्मं पाणी वाटेने गेलं.
आज बुधवार.
पोटातला गोळा होता तिथेच आहे.
लेतेयचं काय होईल मला ठाऊक नाही,
धाकट्याचं का झालं तेही नाही,
आणि अब्बांनीही ते सांगितलं नाही.
पण काल संध्याकाळी, कडा उतरताना,
मी एकदाही वर ओरडून विचारलं नाही.
कमरेपाशी हात नेऊन पाहिला फक्त.
दोर ताठ होता.