दोन्ही नावे एकाच व्यक्तीची

मालाडच्या केंद्रात ए काउंटरवरच्या मुलाने
केस कानामागे घ्यायला लावले, फोटो काढला,
दहाही बोटं काचेवर टेकवून घेतली.
उजवा अंगठा तीनदा उमटला नाही.
"भांडी फार घासता वाटतं," म्हणाला,
आणि पुसायला ओला फडका दिला.

बी काउंटरच्या बाई हसणाऱ्यातल्या नव्हत्या.
जन्मदाखला डावीकडे, दहावीचं सर्टिफिकेट उजवीकडे,
मधोमध आडवं पेन.
"इथे आईचं नाव यमुना. इथे स्नेहल.
तुला आया किती?"

एकच, म्हणाले.
सकाळी घावण्यांचा डबा हातात देताना
तीच म्हणाली होती, कागद नीट बघ,
झेरॉक्स दोन-दोन काढ.

माझा जन्म मामाने नोंदवला, चिपळूणला.
कारकुनाने बाळाच्या आईचं नाव विचारलं
आणि मामाने बहिणीचं सांगितलं.
दुसरं त्याच्या तोंडात बसलंच नव्हतं.

दुसरं बाबांनी लिहिलं, अंगठीने,
ताटात पसरलेल्या तांदळावर.
थोरल्या काकूने सुचवलेलं, तेव्हाच्या फॅशनचं.
फोटोग्राफर म्हणाला, हललात, परत लिहा.
ना स्टॅम्प पेपर, ना शिक्का. साक्षीदार अडीचशे.
ते तांदूळ मग कुणी शिजवले असतील का,
हे मी आईला कितीदा विचारायचं म्हणते.

आम्ही जरीमरीला राहतो, विमानांच्या पोटाखाली.
दर तीन मिनिटांनी घरातलं बोलणं थांबतं
आणि पुढच्या शब्दापासून सुरू होतं.
पाहुण्यांना वाटतं, भांडलेत.
बाबा विमानातली ब्लँकेटं धुतात, सहारजवळ, एकवीस वर्षं.
घडीत कधी लहान मुलाचा एकच मोजा निघतो,
कधी तिकिटाचा फाटका तुकडा.
घरी काही आणत नाहीत. जेवताना नुसतं सांगतात:
आज ओस्लो.

अंधेरी कोर्टाबाहेरच्या टायपिस्टला
सगळं पाठ होतं. आईकडे न बघताच त्याने बडवलं:
सत्य प्रतिज्ञेवर लिहून देते की
यमुना धोंडू गोताड व स्नेहल महादेव बेंडल
ही दोन्ही नावे एकाच व्यक्तीची आहेत.
"दोन्ही सह्या करा, मावशी."

स्नेहल झटक्यात झाली, बँकेतल्यासारखी.
यमुनाशी पेन अडलं.
तिने आधी तळहातावर बोटाने काढून पाहिलं,
मग कागदावर: मोठं, गोल, सातवीतलं अक्षर.
डोक्यावरची रेघ राहिलीच होती;
ती शेवटी एकदम मारली, लांब,
गोताडच्याही पुढे गेली.
"चालेल," टायपिस्ट म्हणाला. पाचशे अधिक दीडशे.

रात्री मी विचारलं, पासपोर्टात कुठलं छापायचं?
ती कपड्यांच्या घड्या घालत होती.
ओठ हलले, आणि तेवढ्यात वरून विमान,
उतरणारं, चाकं बाहेर काढलेलं.
खिडकीची काच थरथरून गप्प झाली.
एरवी आपण परत सांगतो.
तिने सांगितलं नाही. मीही पुन्हा विचारलं नाही.

मी स्नेहल ठेवलं. त्या बाजूला कागद जास्त होते.

साकीनाक्याहून हवालदार आले, शिंदळकर,
चपला बाहेर काढू की नको करत.
कुठे निघालात, म्हणाले.
कुठेच नाही अजून, जवळ असावा म्हणून.
"बरोबर," म्हणाले, "माझाही पडलाय कपाटात."

साक्षीला नसरीनचाची आणि समोरचे लोबो अंकल.
मुलीला किती वर्षं ओळखता?
"एवढीशी होती तेव्हापासून," चाचीने हाताने दाखवलं,
जमिनीपासून वीतभर.
आणि हिची आई? नाव काय त्यांचं?

चाची लोबोंकडे बघू लागल्या.
लोबो चाचींकडे.
"प्रणिताची मम्मी," लोबो शेवटी म्हणाले,
"नाव म्हणजे... मम्मीच."

आई चहाचा ट्रे घेऊन आतल्या दारात उभी होती.
हवालदारांनी तिच्याकडे पाहिलं.
साखर किती, तिने विचारलं.